एकविसावा रकाना : १९ जुलै २०२४चा घटनाक्रम

शुक्रवार, १९ जुलै २०२४. आषाढी एकादशी होऊन दोन दिवस झाले होते, गुरुपौर्णिमा रविवारवर आली होती. त्या सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी अमेरिकेतल्या एका कंपनीने गिऱ्हाइकांच्या विंडोज संगणकांवर एक बारकीशी फाईल पाठवायला सुरुवात केली. ७८ मिनिटांनी ती मागे घेतली. तेवढ्यात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले होते.

वर्ध्यातल्या घरोघरच्या लॅपटॉपला काही झालं नाही. ही फाईल होती क्राउडस्ट्राइक कंपनीच्या ‘फाल्कन’ या सुरक्षा सॉफ्टवेअरची, आणि ते घरगुती गिऱ्हाइकासाठी नाहीच. विमान कंपन्या, बँका, इस्पितळं, मोठ्या आयटी कंपन्या ते घेतात. पण वर्ध्याची पोरं हिंजवडीत, खराडीत आणि नागपूरच्या मिहानमध्ये नोकरीला आहेत, आणि वर्धेकराला विमान धरायचं तर नागपूरच गाठावं लागतं. त्यामुळे या घटनेची झळ जिल्ह्याला बसायची तर ती याच दोन वाटांनी.

पहिल्या काही तासांत बऱ्याच जणांना वाटलं, सायबर हल्ला झाला. हल्ला नव्हता, व्हायरसही नव्हता. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या प्रत्येकाच्या रोजच्या कामातली गोष्ट होती. एक फाईल माणसाने लिहिलेली, दुसरी तिच्या आधारे यंत्राने तयार केलेली. पहिली बदलली तर कायकाय परत बनवायचं, परत तपासायचं, याचा हिशेब चुकला होता. तो कसा चुकत गेला त्याचा हा घटनाक्रम. वेळा सगळ्या भारतीय.

४८ वर्षं आधी : बेल लॅब्ज, न्यू जर्सी

सुरुवात थोडी मागून करावी लागते. १९७६च्या सुमारास बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत संगणकतज्ज्ञ स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन वैतागून शिरले. त्यांची अख्खी सकाळ वाया गेली होती. प्रोग्राममधली चूक त्यांनी आधीच सुधारली होती, पण सुधारलेली फाईल पुन्हा कंपाइल करायची, म्हणजे संगणकाला चालवता येईल अशा रूपात आणायची, राहिली. संगणक जुनाच भाग जोडून चालवत होता आणि जॉन्सन बरोबर असलेल्या प्रोग्राममध्ये चूक शोधत बसले होते.

या वैतागातून फेल्डमन यांनी ‘मेक’ हे साधन लिहिलं. त्याचा नियम साधा आहे. कोणती फाईल कशापासून बनते ते एका यादीत लिहून ठेवा. मूळ फाईलवरची वेळ बनलेल्या फाईलच्या वेळेनंतरची असेल, तर बनलेली फाईल शिळी झाली. ती परत बनवा. बाकीच्यांना हात लावू नका. पुढे २००३ साली याच कामासाठी फेल्डमन यांना एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

जॉन्सन यांची स्वतःची ओळख ‘याक’ या साधनामुळे आहे. याकला एखाद्या भाषेचे व्याकरणाचे नियम दिले की ते सी भाषेतला प्रोग्राम स्वतः लिहून देतं. म्हणजे यंत्राने लिहिलेल्या फाईली मेकच्या जन्मापासून त्याच्या अवतीभवती आहेत. माणसाने लिहिलेलं व्याकरण, त्यावरून यंत्राने लिहिलेली सीची फाईल, तिच्यावरून कंपाइल झालेला भाग : पहिल्याला हात लावला की पुढचे दोन्ही नव्याने बनले पाहिजेत.

मेकला हे नातं सांगितलं तरच कळतं. न सांगितलेलं नातं त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतं. सेवाग्रामला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग शिकणाऱ्या पोरापासून पुण्यातल्या सॉफ्टवेअर आर्किटेक्टपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एक वाक्य असतं : ‘अरे, क्लीन मारून रिबिल्ड कर.’ म्हणजे बनलेलं सगळं खोडून पुन्हा पहिल्यापासून बनव. ते केल्यावर अडचण जादूने गेली, की समजावं, यादीत कुठलं तरी नातं लिहायचं राहिलंय. बहुतेक जण चहाला जातात, यादी दुरुस्त करत नाहीत. एका टीमच्या बिल्डमध्ये, म्हणजे प्रोग्राम बनवण्याच्या प्रक्रियेत, याने फार तर दुपार जाते. फाल्कनमध्ये हे नातं ८५ लाख यंत्रांवर पसरलेलं होतं.

१४२ दिवस बाकी : २८ फेब्रुवारी २०२४

फाल्कनची ७.११ ही आवृत्ती गिऱ्हाइकांना खुली झाली. तिच्यात एक नवी सोय होती. विंडोजमधले प्रोग्राम एकमेकांशी ‘नेम्ड पाइप’ नावाच्या वाटेने बोलतात. हल्लेखोर याच वाटेचा गैरवापर करतात. ते हेरण्यासाठी कंपनीने एक नमुना आखला. अशा संभाषणाची कायकाय माहिती बघायची, त्याचे रकाने ठरवले. नमुन्याच्या व्याख्येत रकाने होते २१.

या नमुन्याला प्रत्यक्ष माहिती पुरवणारा कोड वेगळा होता. तो पुरवत होता २०.

दोन्ही गोष्टी सेन्सरमध्ये, म्हणजे फाल्कनचा जो प्रोग्राम गिऱ्हाइकाच्या संगणकावर चालतो त्यात, कंपाइल होत होत्या. कंपायलरने तक्रार केली नाही, कारण हे दोन आकडे सारखे असले पाहिजेत असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. बिल्ड हिरवं आलं. आवृत्ती बाहेर पडली.

इथे फाल्कनची दुपेडी रचना समजून घ्यायला हवी, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. सेन्सर हा कंपाइल केलेला प्रोग्राम. तो बदलायचा तर नवी आवृत्ती काढावी लागते, तिच्या चाचण्या होतात, आणि गिऱ्हाईक ठरवू शकतं की आपण ताजी आवृत्ती घ्यायची, एक पाऊल मागची की दोन पावलं मागची. पण हल्लेखोर रोज नव्या युक्त्या काढतात, प्रत्येक वेळी सेन्सर परत कंपाइल करत बसायला सवड नसते. म्हणून दुसरा पेड. नमुना सेन्सरमध्ये बसवलेला असतो. त्यात भरायचे निकष कंपनीच्या यंत्रणेत तयार होतात, त्यांची एक बायनरी फाईल बनते आणि ती थेट संगणकावर जाते. तिला ‘चॅनल फाईल’ म्हणतात. अशा फाईली दिवसातून अनेकदा जातात. सेन्सरचं पुन्हा कंपाइल नाही, नवी आवृत्ती नाही; तेव्हा गिऱ्हाइकाची संमतीही लागत नव्हती.

नेम्ड पाइपच्या नमुन्याला चॅनल क्रमांक मिळाला २९१.

१३६ दिवस बाकी : ५ मार्च

नव्या नमुन्याची ताण चाचणी झाली. पास. त्याच दिवशी २९१ क्रमांकाची पहिली फाईल जगभर गेली. काही बिघडलं नाही.

बिघडलं नाही, कारण चाचणीतल्या आणि फाईलीतल्या निकषांत एकविसाव्या रकान्यापुढे ‘काहीही चालेल’ अशी खूण होती. तज्ज्ञ तिला वाइल्डकार्ड म्हणतात. काहीही चालणार असेल तर तो रकाना उघडून बघायची गरजच पडत नाही. सेन्सर विसाव्यापर्यंत वाचायचा आणि थांबायचा. एकविसावा जागेवर नाही, ही गोष्ट त्यामुळे उघडी पडली नाही.

१०२ ते ८६ दिवस बाकी : ८ ते २४ एप्रिल

आणखी तीन वेळा नवे निकष गेले. तिन्ही वेळा एकविसाव्यापुढे तीच खूण. तिन्ही वेळा सगळं सुरळीत.

आता कंपनीजवळ चार यशस्वी वितरणांचा इतिहास जमला होता. पुढे तिने स्वतःच लिहिलं, की जुलैतलं वितरण करताना तीन गोष्टींवर भिस्त होती : मार्चमधली चाचणी, फाईल तपासणारं स्वयंचलित साधन आणि आधीचा चांगला अनुभव. तिघांपैकी एकानेही एकविसावा रकाना कधी उघडलेला नव्हता.

६ तास १३ मिनिटं बाकी : १९ जुलै, पहाटे ३:२६

मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर क्लाउडचा अमेरिकेच्या मध्य भागातला विभाग कोलमडला. तिथल्या एका कॉन्फिगरेशन बदलामुळे माहिती साठवणारी यंत्रं आणि गणन करणारी यंत्रं यांच्यातला संपर्क तुटला होता. अमेरिकेतल्या काही विमान कंपन्यांची आरक्षण व्यवस्था लगेच अडली.

या बिघाडाचा आपल्या गोष्टीशी संबंध नाही. पण सकाळी उठून ज्यांनी बातम्या बघितल्या, त्यांच्या डोक्यात ‘मायक्रोसॉफ्ट बंद’ एवढंच बसलं. दिवसभर दोन बिघाड एकाच नावाने ओळखले गेले, आणि दुसऱ्याचं खरं कारण लोकांपर्यंत पोचायला त्याने उशीर झाला.

शून्य : सकाळी ९:३९

भारतात कचेऱ्या उघडायची वेळ. सिडनीत शुक्रवारची दुपार, दोन वाजून नऊ मिनिटं. लंडनमध्ये पहाटेचे पाच. क्राउडस्ट्राइकचं मुख्यालय ऑस्टिनला. तिथे अजून गुरुवार संपायचा होता, रात्रीचे अकरा वाजून गेले होते.

२९१ क्रमांकाच्या चॅनलवर निकषांचे दोन नवे संच निघाले. त्यांतल्या एकात एकविसाव्या रकान्यापुढे पहिल्यांदाच ठोस निकष होता.

निघण्याआधी फाईल तपासणाऱ्या साधनाने ती पास केली. ते साधन व्याख्या प्रमाण मानत होतं, व्याख्येत २१ रकाने होते, फाईलही २१ रकान्यांची. कागदोपत्री सगळं जुळत होतं. सेन्सर प्रत्यक्षात वीसच पुरवतो, हे त्या साधनाला माहीत असायचं कारण नव्हतं. तो आकडा वेगळ्या कोडमध्ये होता.

फाईल टप्प्याटप्प्याने गेली नाही. आधी थोडी यंत्रं, मग जास्त, अशी चाल सेन्सरच्या नव्या आवृत्तीला होती; चॅनल फाईलला नव्हती. म्हणून ज्या कंपन्यांनी सावधगिरी म्हणून मुद्दाम एक-दोन पावलं मागची आवृत्ती ठेवली होती, त्यांच्याही यंत्रांवर ही फाईल त्याच मिनिटाला उतरली. आवृत्ती ७.११ किंवा पुढची असणं आणि त्या वेळी संगणक नेटला जोडलेला असणं, एवढंच पुरेसं होतं. मॅक आणि लिनक्सवाले सुटले.

पुढचे काही क्षण : एका संगणकाच्या आत

फाल्कनचा सेन्सर विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे अगदी गाभ्यात चालतो. हल्लेखोराच्या आधी पोचायचं तर तिथेच बसावं लागतं. नवी फाईल आली, सेन्सरने वाचली, पुढच्या नेम्ड पाइप संभाषणाला निकष लावायला घेतले. एक ते वीस रकाने झाले. मग एकविसाव्याकडे हात गेला.

तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुने असतात, एक ते एकवीस. समजा एखाद्या साझ्यात वीसच नमुन्यांचं दप्तर बांधलंय आणि तपासणीला आलेल्या साहेबांनी एकविसावा मागितला. तलाठी सांगेल, ‘साहेब, तो यात नाही.’ साहेब चिडतील, शेरा मारतील, पण कचेरी चालू राहील. सेन्सरमध्ये ‘यात नाही’ म्हणणारं कुणी नव्हतं. रकाने किती आले ते मोजून मगच हात घालायचा, ही तपासणी त्या कोडमध्ये लिहिलेली नव्हती. त्यामुळे विसाव्या रकान्यानंतर मेमरीत जे काही पडलं होतं तेच त्याने उचललं, तो एक पत्ता आहे असं मानलं आणि त्या पत्त्यावर वाचायला गेला. तिथे काही नव्हतं.

साध्या प्रोग्रामने असं केलं तर विंडोज त्या प्रोग्रामला बंद करतं आणि पुढे जातं. गाभ्यातल्या प्रोग्रामने केलं तर विंडोज स्वतःवरच भरवसा ठेवू शकत नाही. पुढे आणखी नासधूस होण्यापेक्षा ते सगळं थांबवतं. तेव्हाच्या विंडोजमध्ये पडदा निळा व्हायचा; त्या दिवशी त्यावर एक उदास चेहरा आणि ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’ अशी ओळ आली. संगणक परत सुरू होतो.

परत सुरू होताना सेन्सर सगळ्यांत आधी उठतो, कारण तसंच त्याचं काम आहे. उठल्या उठल्या तो डिस्कवरच्या चॅनल फाईली वाचतो. त्यांत २९१ आहेच. पुन्हा निळा पडदा. पुन्हा सुरुवात. पुन्हा निळा.

५० मिनिटांनी : साडेदहाच्या सुमारास

ऑस्ट्रेलियातली दुकानं, बँका, वाहिन्या आधी पडल्या, कारण तिथे कामाचा दिवस भरात होता. मग आशिया. पुण्यामुंबईच्या आयटी कंपन्यांत लोक जागेवर येऊन लॅपटॉप उघडत होते आणि निळ्या पडद्याचे फोटो समाजमाध्यमांवर टाकत होते. लंडनमध्ये उजाडलं तेव्हा स्काय न्यूज वाहिनीला सकाळचं थेट प्रक्षेपण करता आलं नाही. ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या दवाखान्यांत रुग्णांच्या नोंदी उघडेनात.

ज्यांचे संगणक त्या वेळी बंद होते, त्यांना हे काहीच भोगावं लागलं नाही.

७८ मिनिटांनी : सकाळी १०:५७

कंपनीने फाईल मागे घेतली. २९१ची निर्दोष प्रत पुन्हा चॅनलवर ठेवली. यानंतर जो संगणक नेटला जोडला गेला, त्याला चांगली फाईल मिळाली.

पण पडलेल्याला ती मिळणार कशी? नवी फाईल उतरवायची तर संगणक सुरू होऊन नेटपर्यंत पोचला पाहिजे. हा तर त्याआधीच कोसळत होता. काही ठिकाणी वारंवार सुरू करत राहिल्यावर एखाद्या वेळी नेट आधी जोडलं जायचं आणि चांगली फाईल उतरायची. काही गिऱ्हाइकांना त्यासाठी पंधरापर्यंत वेळा रीस्टार्ट करावं लागल्याचं मायक्रोसॉफ्टने सांगितलं. बाकी यंत्रांजवळ माणूसच जायला हवा होता.

चूक पसरायला ७८ मिनिटं आणि एक बटण लागलं होतं. निस्तरायला प्रत्येक यंत्रामागे एक माणूस.

दुपारच्या आत : देशातले विमानतळ

इंडिगो, आकासा, स्पाइसजेट यांचं ऑनलाइन चेक-इन आणि आरक्षण अडकलं. दिल्ली, मुंबई, बंगळुरू, हैदराबादच्या विमानतळांवर रांगा लांबत गेल्या. काउंटरवरची मंडळी पेन घेऊन बसली आणि बोर्डिंग पास हाताने लिहू लागली : नाव, विमान क्रमांक, आसन. नव्या पिढीतल्या बऱ्याच प्रवाशांनी असा पास पहिल्यांदाच पाहिला. त्याचे फोटो जगभर फिरले. इंडिगोने दोन दिवसांत जवळपास २०० उड्डाणं रद्द केली. नागपूरहून जाणारा प्रवासी मुख्यतः याच कंपनीच्या विमानाने जातो, आणि त्यांतली बरीच विमानं मुंबई, दिल्ली, बंगळुरूहून येतात.

सुटलेल्यांची यादीही बघण्यासारखी होती. सरकारी एनआयसीचं जाळं शाबूत असल्याचं माहिती तंत्रज्ञान मंत्री अश्विनी वैष्णव यांनी सांगितलं. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत बँका आणि बिगरबँक वित्तसंस्था मिळून फक्त दहा ठिकाणी किरकोळ अडथळा आढळला. यूपीआय चालू राहिलं. बजाज चौकातल्या भाजीवाल्याच्या क्यूआर कोडवर पैसे पडत होते तेव्हा मुंबईच्या विमानतळावर संगणक ठप्प होते.

दुपारी : एक फाईल खोडा

तोडगा आता सगळीकडे फिरत होता. संगणक सेफ मोडमध्ये सुरू करा. विंडोजच्या ड्रायव्हर्स फोल्डरात क्राउडस्ट्राइक नावाचा फोल्डर उघडा. ‘सी-०००००२९१’ने सुरू होणारी फाईल खोडा. परत सुरू करा.

सांगायला चार ओळी. प्रत्यक्षात बहुतेक कंपन्यांच्या यंत्रांची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असते. सेफ मोडमध्ये शिरायला ४८ आकडी किल्ली टाकावी लागते. प्रत्येक यंत्राची वेगळी. काही ठिकाणी या किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या तोच निळा पडलेला. आयटी विभागातला माणूस फोनवर एकेक आकडा सांगतोय आणि पलीकडे कुणी तो जपून टाकतंय, असं काम कित्येक कचेऱ्यांत रात्रीपर्यंत चाललं.

कोणती फाईल वाईट, हे ओळखायची खूणही कंपनीने दिली होती. नाव दोन्हींचं सारखंच. ०४:०९ यूटीसी वेळ असलेली वाईट, ०५:२७ किंवा नंतरची चांगली. म्हणजे आपल्या घड्याळात ९:३९ आणि १०:५७. त्या दुपारी लाखो माणसं डोळ्यांनी तेच करत होती जे फेल्डमन यांचं मेक १९७६पासून करतंय : फाईलवरची वेळ बघायची आणि शिळी की ताजी ते ठरवायचं.

५ तास ३६ मिनिटांनी : दुपारी ३:१५

कंपनीचे प्रमुख जॉर्ज कुर्त्झ यांनी एक्सवर लिहिलं, की हा सायबर हल्ला नाही, विंडोजसाठीच्या एका फाईलीतला दोष आहे, तो सापडला आहे आणि उपाय पाठवला आहे. त्या पहिल्या संदेशात माफीचा शब्द नसल्याची टीका झाली. माफी त्यांनी थोड्या वेळाने टीव्ही मुलाखतीत मागितली. भारतात सायबर सुरक्षेच्या सर्ट-इन या सरकारी संस्थेने आपली सूचना जारी केली.

अमेरिका आता जागी होत होती. तिथले सर्व्हर रात्रभर चालूच होते, त्यामुळे ते रात्रीच पडले होते. डेल्टा, युनायटेड, अमेरिकन या कंपन्यांची विमानं जमिनीवर थांबली. डेल्टाला सावरायला सगळ्यांत जास्त दिवस लागले. तिची सुमारे ७,००० उड्डाणं रद्द झाली आणि सुमारे ५० कोटी डॉलर बुडाल्याचं तिने जाहीर केलं.

दुसरा दिवस : २० जुलै, पहाटे ३

देशातल्या विमानतळांवरच्या यंत्रणा पहाटे तीनपासून पूर्ववत झाल्याचं नागरी विमान वाहतूक मंत्री राममोहन नायडू यांनी सांगितलं. त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टने ८५ लाखांचा अंदाज दिला. विंडोज चालवणाऱ्या एकूण यंत्रांच्या मानाने हा आकडा एक टक्क्याहून कमी. पण ती यंत्रं विमानं उडवणारी, शस्त्रक्रिया ठरवणारी, पगार काढणारी होती.

फाल्कनच्या विंडोज सेन्सरांपैकी सुमारे ९९ टक्के पुन्हा जागेवर यायला २९ जुलै उजाडली.

१८ दिवसांनी : ६ ऑगस्ट

कंपनीने मूळ कारणांचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. प्राथमिक अहवाल २४ जुलैलाच आला होता. सविस्तर अहवालातलं पहिलंच निदान असं : नमुन्यातल्या रकान्यांची संख्या सेन्सर कंपाइल होताना पडताळली जात नव्हती. त्याखालोखाल बाकीची. वाचण्याआधी रकाने मोजण्याची तपासणी नव्हती. चाचण्यांत वाइल्डकार्डखेरीज दुसरे निकष नव्हते. फाईल तपासणाऱ्या साधनाचं गृहीतक चूक होतं. चॅनल फाईल टप्प्याटप्प्याने जात नव्हती.

या यादीवर ‘चाचण्या वाढवा’ एवढा शेरा मारून पुढे जाणं सोपं आहे. मला तो अपुरा वाटतो. रकान्यांचा आकडा तीन ठिकाणी होता. व्याख्येत २१, फाईल तपासणाऱ्याकडे २१, माहिती पुरवणाऱ्या कोडमध्ये २०. तिघांचा उगम एकच हवा होता. व्याख्येची फाईल मूळ धरून तपासणाऱ्याचा आकडा आणि पुरवणाऱ्याचा आकडा दोन्ही तिच्यातूनच यंत्राने काढले असते, तर ते वेगळे निघूच शकले नसते. व्याख्येत एकविसावा रकाना घातला, की उरलेलं सगळं शिळं ठरलं असतं आणि परत बनलं असतं. किंवा बनताना बिल्ड तुटलं असतं. तुटलेलं बिल्ड फार तर एका टीमची दुपार खातं.

दुसरी गोष्ट दर्जाची. माणसाने लिहिलेल्या कोडला फाल्कनमध्ये परीक्षण, चाचण्या, टप्पे, गिऱ्हाइकाची संमती असे चार दरवाजे होते. यंत्राने बनवलेल्या फाईलीला एकच, आणि तोही अर्धवट. का, तर ती ‘नुसती माहिती’ मानली होती. गाभ्यात बसलेला प्रोग्राम जिच्या सांगण्यावरून पुढचं पाऊल टाकतो, ती फाईल कोडच असते, मग ती कुणीही लिहिलेली असो.

आपल्याकडच्या लहान टीमनाही हे लागू पडतं. जनरेट झालेल्या फाईली वेगळ्या फोल्डरात ठेवाव्यात, त्यांच्या डोक्यावर ‘हाताने बदलू नका’ असं लिहावं, हे बहुतेक जण करतात. त्या गिटमध्ये, म्हणजे कोडच्या सामायिक साठ्यात, ठेवायच्या की दर बिल्डला नव्याने काढायच्या, यावर वाद घालायला हरकत नाही. ठेवणार असाल तर बिल्ड सर्व्हरने त्या प्रत्येक वेळी नव्याने काढून ठेवलेल्या प्रतीशी ताडाव्यात; फरक दिसला की बिल्ड थांबवावं. आणि अवलंबनाच्या यादीत मूळ फाईलीबरोबर ती फाईल काढून देणारं साधनही लिहावं, त्याच्या आवृत्तीसकट. साधन बदललं आणि फाईली जुन्याच राहिल्या, हा प्रकार मूळ फाईल बदलण्याइतकाच घातक असतो, आणि तो जास्त वेळ लपून राहतो.

क्राउडस्ट्राइकनेही अखेर आपल्या चुकांवर दुरुस्त्या केल्या. वाचण्याआधी रकाने मोजण्याची तपासणी २५ जुलैला आली. टप्प्याटप्प्याचं वितरण आणि चॅनल फाईली कधी घ्यायच्या यावर गिऱ्हाइकाचा ताबा, हेही जाहीर झालं. आणि रकान्यांचा आकडा कंपाइल होतानाच ताडून बघणारी दुरुस्ती २७ जुलैला वापरात आली. २० आणि २१ यांतला फरक १४२ दिवस बिल्डच्या डोळ्यांसमोर होता. तो बघ म्हणून बिल्डला सांगायला, ठरवल्यावर, आठ दिवस पुरले.